होडी पुढे न नेल्याबद्दल आभार

प्रति,
कुंभारगावचे आमचे नावाडी यांस,
सप्रेम नमस्कार.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्या पतसंस्थेचे बावीस कर्मचारी पुण्याहून भिगवणजवळ आपल्या गावी आले होते आणि आपण व आपल्या दोघा भावांनी तीन होड्यांतून आम्हाला उजनी धरणाच्या फुगवट्यावर नेले होते. हंगामात आपल्याकडे रोजच पाहुणे येत असल्याने आम्ही आपल्या लक्षात असू वा नसू, आम्ही मात्र ती सकाळ विसरलेलो नाही. एरवी आमचा तिळगूळ समारंभ कार्यालयाच्या सभागृहात, वेफर्सच्या बशा आणि अध्यक्षांचे लांबलेले भाषण यांच्यासह उरकतो. यंदा तो पाण्यावर करायचे ठरले आणि त्या उत्साहात आपण कोणाच्या घरी पाहुणे म्हणून जात आहोत, याचे भान आम्हाला राहिले नव्हते.

ते आपण दिलेत. होडीत पाय ठेवण्यापूर्वीच प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट घालायला लावून त्याचे पट्टे आपण स्वतः ओढून पाहिलेत. कुरव पक्ष्यांना घालण्यासाठी आणलेली शेवेची पुडी पिशवीतून डोकावताच आपण ती परत आत ठेवायला सांगितलीत आणि तळलेले खारट खाणे हे त्यांचे अन्न नव्हे, एवढेच म्हणालात. आमच्यातील एका ज्येष्ठ भगिनींनी आपल्या हातावर तिळाची वडी ठेवली तेव्हा “घेतो ताई, पण इथं गोड बोलण्यापेक्षा हळू बोला,” असे आपण म्हणालात, त्यावर तिन्ही होड्यांत हशा पिकला आणि मग खरोखरच शांतता झाली.

परंतु हे पत्र उघडपणे लिहिण्याचे कारण वेगळे आहे. उथळ पाण्यात रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा मोठा थवा चरत होता, आणि पंख उघडल्यावरच त्यांचा लालभडक रंग व काळी किनार दिसते, हे ऐकून असल्याने आमच्यापैकी एकाने होडी थव्यात घालून पक्षी उडवण्याची विनंती केली, वर पाचशे रुपये जादा देऊ केले. (तो मीच, हे येथे कबूल करतो.) आपण काहीच बोलला नाहीत. इंजिन बंद केलेत, बांबू गाळात रोवून होडी जागच्या जागी धरलीत आणि बऱ्याच वेळाने सांगितलेत की, हे पक्षी येथे पोट भरायला येतात आणि प्रत्येक होडीने त्यांना उठवले तर चरायचे कधी. आम्ही पाऊण तास तसेच बसलो. थवाच हळूहळू आमच्या दिशेने सरकत आला. मान खाली सोडून, चोच उलटी पाण्यात बुडवून, पायांनी गाळ ढवळत ते चालत होते, आणि पाणी चोचीतून गाळले जाताना होणारा बारीक चुळबुळ आवाज होडीत ऐकू येत होता. राखाडी रंगाची पिल्ले कोणती, तेही आपण बोट न उचलता, नुसत्या नजरेने दाखवलेत. उडत्या रोहितांचा एकही फोटो आमच्याकडे नाही आणि त्याची खंत वाटत नाही.

परतताना पट्टकादंब या हंसांची एक रांग दाखवून, हिमालय ओलांडून आलेले हे पाहुणे आहेत, असे आपण सांगितलेत, आणि त्याच सुरात, होडी चालली आहे तेथे खाली आपल्या आजोबांचे शेत होते, असेही. भीमेवरचे हे धरण 1980 साली पूर्ण झाले, पाणी उतरले की जुन्या पळसदेवचे मंदिर वर येते, एवढे आम्हाला वाचून ठाऊक होते. बुडालेल्या शेतावरून होडी हाकणाऱ्या माणसाशेजारी आम्ही कधी बसलो नव्हतो. त्यावर काय बोलावे ते कोणालाही सुचले नाही.

आपल्या घरी मिळालेली तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि चिलापीचे कालवण यांबद्दल वहिनींचे स्वतंत्र आभार मानायचे आहेत. त्यांनी वाटेसाठी भाकरी बांधून दिलेला स्टीलचा डबा आमच्याकडेच राहिला होता, तो पुढच्या रविवारी भिगवणला येणाऱ्या आमच्या सहकाऱ्यासोबत पाठवत आहोत. रिकामा डबा परत करू नये, म्हणून त्यात गुळाच्या पोळ्या ठेवल्या आहेत.

आपला कृतज्ञ,
पतसंस्थेच्या सर्व कर्मचाऱ्यांच्या वतीने,
पाचशे रुपये देऊ करणारा