केबलच्या अंगावरची पुढची अक्षरेही वाचा

मा. संपादक,
स. न.

नव्या इमारतीचे नेटवर्क केबलिंग ठरवताना कॅट-६ घ्यायची की कॅट-६ए, यावर तासभर चर्चा होते. ही अक्षरे डेटाची क्षमता तेवढी सांगतात. आग लागल्यावर त्या केबलवरून ज्वाला किती धावेल, हे केबलच्या त्याच जॅकेटवर, म्हणजे बाहेरच्या आवरणावर, पुढे छापलेली अक्षरे सांगतात, आणि निविदेत त्यांचा उल्लेख बहुतेक वेळा नसतोच. केबलिंगचे काम करणाऱ्या आम्हा काही जणांना हे फार खटकते, म्हणून हे पत्र.

नेटवर्कची केबल स्वतःहून क्वचितच पेटते. पण ती शेकड्यांच्या जुडग्याने प्रत्येक मजल्यावर आणि प्रत्येक खोलीत पोचलेली असते. आग कुठेही लागो, तिला पुढे सरकायला वाट तयार असते.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी, आणि तीही जिथून एसीची परतीची हवा मोकळी वाहते ती. तिथे धूर झाला तर हवेबरोबर तो साऱ्या मजल्यावर पसरतो, आणि खाली बसलेल्यांना ज्वाला दिसतही नाही. अमेरिकी पद्धतीत या जागेला प्लेनम म्हणतात आणि तिच्यासाठी सीएमपी, म्हणजे प्लेनम केबल लागते. एनएफपीए २६२ या चाचणीत वाहत्या हवेच्या बोगद्यात ती २० मिनिटे जाळतात. ज्वाला ५ फुटांपलीकडे जाता कामा नये आणि धुराच्या दाटपणालाही मर्यादा असते. मजल्यामजल्यातून जाणाऱ्या उभ्या शाफ्टसाठी सीएमआर. तिची यूएल १६६६ चाचणी ३० मिनिटांची. ज्वाला १२ फुटांची उंची गाठता कामा नये, पण धूर तिथे मोजला जात नाही. म्हणूनच सीएमआर त्या पोकळीत चालत नाही. एका खोलीपुरत्या केबलला साधा सीएम दर्जा पुरतो. वरच्या दर्जाची केबल खालच्या जागी वापरता येते, उलट कधीच नाही. बाहेरच्या वापराची काळी पॉलिएथिलीन केबल आग रोखत नाही. इमारतीच्या आत आल्यावर ५० फुटांच्या आत ती संपवून पुढे योग्य दर्जाची केबल जोडावी.

सगळ्यांत मोठा घोळ 'एलएसझेडएच' या अक्षरांचा आहे. त्यांचा अर्थ कमी धूर आणि हॅलोजन (क्लोरिन, फ्लोरिनसारखी मूलद्रव्ये) नाही, एवढाच. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, आणि ओलाव्यात आम्ल होऊन आगीत वाचलेले सर्किट बोर्डही खातो. बोगदे, जहाजे, भुयारी स्थानके, सर्व्हर रूम, म्हणजे जिथून माणसांना पटकन निघता येत नाही किंवा जिथली उपकरणे मोलाची आहेत, तिथे एलएसझेडएच हवीच. पण ज्वाला किती पसरेल हा प्रश्न निराळा आहे. डेटाशीटवर फक्त आयईसी ६०३३२-१ हे आंतरराष्ट्रीय मानक लिहिले असेल, तर चाचणी ६० सेंटीमीटरच्या एकाच उभ्या तुकड्याची झालेली असते. एकटी केबल विझते म्हणून तशाच २०० केबलींचे जुडगे विझेलच असे नाही. त्या एकमेकींना तापवतात. जुडग्यासाठी ६०३३२-३ मागा. एलएसझेडएच असली म्हणून ती सीएमपी ठरत नाही, आणि सीएमपी असली म्हणून हॅलोजनमुक्तही ठरत नाही. प्लेनम केबलमध्ये फ्लोरिनयुक्त एफईपी प्लास्टिक सर्रास असते. युरोपात २०१७ पासून बी२सीए, सीसीए, डीसीए असे आगीचे वर्ग छापतात आणि पुढे धूर, जळते थेंब व आम्लता यांची एस, डी, ए ही अक्षरे येतात. ती तिन्ही वाचा.

मुख्य केबल बरोबर निवडूनही शेवटच्या दोन मीटरला चूक होते. सीलिंगमधल्या वायफाय किंवा कॅमेऱ्याला साधा पॅच कॉर्ड (जोडणीची आखूड केबल) लावतात आणि बांधायला साधे नायलॉनचे टाय. त्या पोकळीत या दोन्ही वस्तूही प्लेनम दर्जाच्याच हव्यात.

आता भिंतीतले भोक. आगरोधक भिंतीला केबलसाठी छिद्र पाडून ते उघडे सोडले, तर ती भिंत आगरोधक उरत नाही. पॉलियुरेथेनचा साधा फोम मारणे हा उपाय नव्हे. २२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेतल्या अलाबामातील ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात केबलींच्या अशाच छिद्रातून हवा गळते का हे मेणबत्तीने तपासताना फोम पेटला आणि १,६०० हून अधिक केबली निकामी झाल्या. अशा छिद्रांत उष्णतेने फुगणारे चाचणीसिद्ध सीलंटच (छिद्र बुजवणारा लेप) हवे. केबली वाढत राहणार असतील तर कडक होणारे सीलंट टाळून मऊच राहणारी पुटी किंवा फायरस्टॉप (आग अडवणाऱ्या) उशा वापरा, कारण कडक सीलंट पुढचा माणूस फोडतो आणि तसेच ठेवून जातो.

तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलीही 'कॅट-६' म्हणून खपतात. तारेचे टोक पात्याने खरवडा; आत चंदेरी दिसले तर खोके परत करा. ॲल्युमिनियमचा रोध जास्त, त्यामुळे केबलवरूनच वीज देणाऱ्या पीओई उपकरणांच्या भाराने जुडग्याच्या मध्यभागी ती जास्त तापते. शिवाय अशा केबलवर छापलेल्या सीएमआर-सीएमपीवर विश्वास ठेवायचा कशाच्या जोरावर?

इमारत सांभाळणाऱ्यांना आमची विनंती आहे: निविदेत प्रत्येक जागेसमोर आगीचा दर्जा लिहा. काम ताब्यात घेताना जॅकेटवरच्या छपाईचा आणि प्रत्येक छिद्राच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागा. जुन्या, बंद पडलेल्या केबली काढण्याचे कामही त्याच करारात घाला. त्या सीलिंगमध्ये राहिल्या तर नुसते जळण वाढते. आणि आग लागल्यावरही चालू राहायला हव्यात अशा केबलींसाठी, उदाहरणार्थ फायर अलार्मच्या, वरीलपैकी कोणताच दर्जा पुरत नाही. आगीतही सर्किट टिकवणारी आयईसी ६०३३१ चाचणीची केबल त्यासाठी वेगळी मागवावी लागते.

आपले,
नेटवर्क केबलिंगच्या कामातील काही वाचक