रविवारचा कट्टा : बर्फ, नाहीतर गारा तरी!

मंडळी, आठवण करून देतेय, येत्या रविवारी संध्याकाळी 6 ला गच्चीवर कट्टा आहे, विषय लहानपणी बर्फात खेळल्याच्या आठवणी. दोघातिघांनी लगेच विचारलं नाशिकला कुठला आलाय बर्फ 😄

अहो आपल्या देवळाली कॅम्पच्या काकू वडिलांच्या पोस्टिंगमुळे लहानपणी श्रीनगरला होत्या ना, तिथे 21 डिसेंबरपासून 40 दिवस चिल्लई कलान, म्हणजे थंडीचा कहर, तर त्या सांगणारेत बर्फाचे गोळे मारून मारून लोकरीचे हातमोजे ओलेचिंब झाले की शेजारणीच्या फिरनमध्ये (तिकडचा ढगळ, लांब झगा) शिरून कांगडीवर, म्हणजे निखाऱ्यांच्या छोट्या शेगडीवर, हात कसे शेकायचे ते.

आणि ज्यांनी बर्फ पाहिलाच नाही त्यांनी गारांचं सांगा, चालेल! मी निफाडची, पत्र्यावर ताडताड सुरू झालं की आम्ही डोक्यावर पाटी घेऊन अंगणात, फ्रॉकच्या ओच्यात गारा वेचायच्या, तोंडात टाकायच्या, मातीसकट. एकदा अशीच ओंजळभरून आजोबांना दाखवायला गेले तर ते ओट्यावर नुसते उभे, द्राक्षं काढणीला आलेली होती... मी गारा गुपचूप मोरीत टाकल्या.

तर प्रत्येकी 5 मिनिटं, त्यापेक्षा जास्त नको प्लीज, मागच्या वेळी काय झालं आठवतंय सगळ्यांना. जुने फोटो असतील तर आणा. शाल, कानटोपी घेऊन या, गच्चीवर वारा भयंकर असतो. चहा आहे, कोण कोण येणार ते शुक्रवारपर्यंत इथेच टाका म्हणजे दुधाचा अंदाज येईल.