तुझ्या कॉमिकमधल्या त्या बाईबद्दल

प्रिय मयुरी,

कॉमिक मिळालं. मोबाईलवर पानं लय बारीक दिसत होती म्हणून बाबांनी सिंदेवाहीहून प्रिंट काढून आणल्या, अन् रात्री सगळं आवरल्यावर मी निवांत बसून वाचलं. चित्रं भारी काढून राहिली तू आता. तुझ्या हिरोईनच्या, वाघाईच्या अंगावरचे पट्टे पाहून तुझा भाऊ म्हणे ताईनं ट्रेसच केलं असंल. नाव पण छान ठेवलं, वाघाई, आपल्याकडे देवीच आहे ती, जंगलात शिरताना बाया अजूनही हात जोडतात. कॉलेजच्या स्पर्धेत नंबर येवो न येवो, हे पूर्ण कर, मधात सोडू नको.

पण एका पानावर मी अडकली. मोहाच्या झाडाखाली एक बाई काढली तू, पदर खोचलेला, डोळे लाल, हातात काडेपेटी, बाजूला टोपली. ती जंगल पेटवते अन् वाघाई येऊन तिला उचलून नदीत फेकते. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, जंगलाचे दुश्मन. हे फोनवर सांगायला गेली तर रेंज जाते, नाहीतर तू "हो आई, बरोबर आहे आई" म्हणून मोकळी होते, म्हणून लिहून पाठवून राहिली.

तू लहानपणी माझ्यासोबत यायची पण तुला त्यातला फक्त तो गोड वास आठवत असंल. मोह मार्च-एप्रिलमध्ये गळते, रात्रभर अन् पहाटेपर्यंत टपटप चालू राहते, ऊन चढायच्या आत वेचावं लागते, नाहीतर ढोरं, हरणं, अस्वलं खाऊन टाकतात. त्याच वेळेस जंगलात पानगळ झालेली राहते, साग, तेंदू, ऐन, सगळ्याचा पाला घोटाभर साचलेला, फूल पडलं की त्याच्यात घुसते. पिवळसर पांढरं फूल अन् वाळलेलं पान, अंधारात काहीच समजत नाही, एकेक पान उचलून पाहावं लागते. म्हणून बाया आदल्या दिवशी संध्याकाळी झाडाखालचा पाला पेटवून देतात, जमीन काळी साफ होते अन् सकाळी त्या काळ्यावर फूल उठून दिसते. कंबर मोडू नये, चार किलो फूल जास्त यावं, एवढाच त्याच्यात मतलब.

अन् आग लागते हे खरं आहे बरं, मी ते झाकत नाही. पेटवून माणूस घरी येते, पाला आतून धुमसत राहते, वारा सुटला की सरकत सरकत दूरपर्यंत जाते. मोठा साग वाचते, हातभराची रोपं जातात. तितर-लाव्ह्यांची अंडी जमिनीवरच राहतात, ती जातात. चारा जाते. अन् सगळ्यात वाईट म्हणजे मोहाचंच नवीन झाड येत नाही. आपल्या शिवारातले मोह पाह्य तू आली की, सगळे जुने, आजोबाच्या वेळचे. बाकीचे कोणी तोडले नाहीत, ते मोठे झालेच नाहीत, दरवर्षी आग अन् ढोरं, रोप वर येईल कसं. त्यामुळं वाघाईनं ही आग थांबवावी असं मलाही वाटते. फक्त त्या बाईला नदीत फेकून ती थांबत नाही ना, दुसऱ्या दिवशी दुसरी बाई काडेपेटी घेऊन जाईल, कारण फूल तर तिलाही पाहिजे.

थांबते ती जाळीनं. बाजूच्या गावातल्या बायांनी झाडाखाली हिरवी जाळी बांधली, फूल थेट जाळीत पडते, माती लागत नाही, पाला जाळायचं कामच नाही. साफ फुलाला भाव पण बरा भेटते. जाळी नसंल तर खराट्यानं पाला झाडून बाजूला करता येते, त्याला मेहनत लागते पण होते. अन् जाळीत अजून एक फायदा आहे जो मला सगळ्यात मोठा वाटते. वाकावं कमी लागते. वनरक्षक दरवर्षी मिटिंगमध्ये सांगतात की खाली वाकलेलं, बसलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही, जनावर समजून तो मागून येते. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात मोहाच्या अन् तेंदूपत्त्याच्या दिवसात बाया कशा गेल्या ते तुला माहीत आहे, त्यांच्या घरची पोरं तुझ्याच शाळेत होती.

तुझ्या सगळ्या हिरोंना मुखवटा राहते ना, त्याच्यावरून तुला एक खरी गोष्ट सांगते. तिकडं बंगालच्या सुंदरबनात १९८६ च्या सुमारास मध काढणाऱ्या, लाकूड आणणाऱ्या लोकांना प्लास्टिकचे मुखवटे दिले होते, माणसाच्या चेहऱ्याचे, अन् ते लावायचे डोक्याच्या मागच्या बाजूला. वाघ मागून झडप घालते, त्याला वाटावं हा आपल्याकडेच पाहून राहिला. बरेच दिवस त्याचा उपयोग झाला. म्हणजे मुखवटा माणसासाठी अन् वाघासाठी दोघांसाठी, माणूस वाचला की वाघाला नरभक्षक म्हणून मारायची वेळ येत नाही. तुझ्या कॉमिकमध्ये बायांना असा मुखवटा दे, पाह्य कसं चित्र होते ते, समोरून चेहरा, मागून चेहरा, डोक्यावर टोपली.

आता तू म्हणशील आईला कॉमिकमधलं काय समजते. आमच्या घरी मामाच्या पेटीत इंद्रजाल कॉमिक्स होते, मराठीत, वेताळ म्हणजे तुमचा फँटम, मी ते लपून वाचायची. त्याचं एक बेट राहे, तिथं वाघ-सिंह मासे खाऊन हरणांसोबत राहायचे. लहानपणी लय आवडे मला ते. पण ज्याच्या वावराला लागून खरा वाघ फिरते त्याला माहीत असते की वाघ मासे खाऊन राहत नाही, त्याला रानडुक्कर पाहिजे, चितळ पाहिजे, नाही भेटलं तर गोठ्यातली गाय आहेच.

अन् मागच्या दिवाळीत तूच मला कॅप्टन प्लॅनेट दाखवला, १९९० चा, तो निळा, हिरव्या केसांचा. पाच पोरांच्या पाच अंगठ्या, माती, आग, वारा, पाणी अन् हृदय, पाचही जुळल्या की तो उभा राहते. मला तो आवडला, पण त्याचे व्हिलन बिलकुल नाही आवडले, उगीचच घाण करत फिरतात, त्यांना नासाडी करायची हौसच आहे जशी. असा माणूस मी आजपर्यंत पाहिला नाही. नासाडी होते ती कोणाला तरी काहीतरी पाहिजे राहते म्हणून, पैसा, कोळसा, फूल, सरपण. चंद्रपूरची वीज तुझ्या नागपूरच्या होस्टेलमध्ये पण जळते. हे दाखवलं नाही तर वाचणारं पोरगं म्हणते, घाण करणारे ते दुसरे, मी नाही.

ती पॉयझन आयव्ही मात्र मला जास्त खरी वाटली, बॅटमनमधली, १९६६ पासूनची. झाडांचं शास्त्र शिकलेली, झाडांवर एवढा जीव की माणूस मेला तरी चालते. तिला त्यांनी व्हिलन केलं अन् ते बरोबरच केलं. तुझी वाघाई त्या पानावर तिच्यासारखी वागून राहिली मयुरी, अन् तू तिला हिरो म्हणून राहिली. मला तेवढंच खटकलं. जंगलाचं प्रेम म्हणजे त्याच्यातल्या गरिबाला हाकलणं, हे शहरातल्या लोकांना लवकर पटते, जिप्सीत बसून वाघ पाहून जाणाऱ्याला तर लयच पटते. तू ह्या गावची पोरगी आहे, तुझ्या फिया मोहफुलाच्या अन् तेंदूपत्त्याच्या पैशातून भरल्या आम्ही.

कॅप्टन प्लॅनेटच्या त्या पाच अंगठ्या पाहून मला गडचिरोलीतलं मेंढा लेखा आठवलं. धानोरा तालुक्यातलं गाव, गोंड लोकांचं, देवाजी तोफा तिथले पुढारी. तिथं बहुमतानं काही ठरत नाही, सगळ्या गावाचं एकमत झालं तरच निर्णय, एक जण जरी अडला तरी पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. २००६ चा वनहक्क कायदा आला त्याच्या आधारावर २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क त्यांनी मिळवला, अन् २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास स्वतः देण्याचा अधिकार पण घेतला, त्यासाठी केंद्रातले मंत्री गावात आले होते. आपलं जंगल म्हटल्यावर आपणच राखतो, आपणच ठरवतो किती तोडायचं. तुझ्या कॉमिकमध्ये असा एक सीन टाक ना, रात्री गाव बसलं आहे, वाघाई मागं झाडाखाली उभी आहे अन् ती काहीच बोलत नाही, ऐकते. तिची शक्ती ऐकायची आहे असं तूच पहिल्या पानावर लिहिलं, झाडं बोललेली तिला समजतात म्हणून. मग बाया बोललेल्या काऊन नाही समजत?

व्हिलन काढूच नको असं नाही म्हणत मी. काढ. पण त्या बाईच्या मागं कोण आहे ते काढ. पावसाळ्याआधी धानाच्या बियाण्याला पैसा लागते, तो फुलातूनच येते, अन् फुलाचा भाव ठरवते व्यापारी, आपल्या दारात उभं राहून, वजनाचा काटा पण त्याचाच. जाळी घ्यायला हातात पैसा नसते तेव्हा काडेपेटी स्वस्त पडते. ह्या व्यापाऱ्याला लाल डोळे द्यायची गरज नाही, तो हसून बोलते, चहा पण पेते. तसाच काढ.

एक अजून, जाळी काढशील तर नीट काढ. ती जमिनीवर अंथरत नाहीत. चार बांबू रोवून कमरेएवढ्या उंचीवर बांधतात, मधात थोडी ढिली सोडतात म्हणजे फूल एका जागी घरंगळते, अन् खालून ढोर जाऊन फाडू नये म्हणून एका बाजूला काट्या लावतात. बाबांना सांगून फोटो पाठवते. मोहाचं पान पण चुकलं तुझं, तू सागासारखं रुंद काढलं, मोहाचं लांबट राहते अन् फांदीच्या टोकाला झुपक्यानं येते. फुलं गळतात तेव्हा झाडाला पान जवळपास नसतेच, फांद्या उघड्या काढ.

पैसे टाकले आहेत, चेक कर. मेसचं जेवण नाही आवडत म्हणून उपाशी राहू नको. बारकी गाय व्यायली, कालवड झाली. सुधारलेलं पान झालं की आधी मला पाठव, मग स्पर्धेला दे.

तुझी,
आई