सामान लावायच्या आधी हे वाच

प्रिय सोनू,

काल फोनवर तू म्हणालीस की पुण्यातला फ्लॅट फायनल झाला, चावी शनिवारी मिळणार आणि एजंट म्हणतोय सामानाची यादी वगैरे नंतर बघू. ते "नंतर" ऐकल्यापासून मला चैन नाही म्हणून रात्रीच लिहायला बसले. मोठं झालंय पण पूर्ण वाच गं.

तू दुसरीत होतीस तेव्हा आपण मुरारजी पेठेतल्या दोन खोल्या सोडल्या. 15,000 डिपॉझिट होतं, त्यातले 6,000 घरमालकांनी कापले. मोरीजवळची शहाबादी फरशी तडकली, नळ खराब केले, भिंतीचा रंग घालवला म्हणे. अगं ती फरशी आपण राहायला गेलो त्या दिवशीच तडकलेली होती, मी स्वतः बघितलेली, पण कागदावर काहीच नव्हतं ना, मग ते म्हणतील ते खरं. आणि नळाचं म्हणशील तर सोलापुरात बोरचं पाणी वापरलं की नळाला पांढरा क्षार चढतोच, गीझरची कॉइल जातेच, त्यात भाडेकरूचा काय दोष? बाबा काही बोलले नाहीत, पण पुढचे तीन महिने घरात कशी काटकसर केली ते मलाच माहिती.

म्हणून वरचा मजला भाड्यानं द्यायला लागलो तेव्हापासून मी वही ठेवलीय. भाडेकरू सामान आणायच्या आधी आम्ही दोघं मिळून खोल्या रिकाम्या असताना फिरतो, पंखे किती, कुठला आवाज करतो, कडप्प्याच्या ओट्याचा कोपरा उडालाय, चाव्या किती दिल्या, मीटरचं रीडिंग काय, सगळं लिहितो आणि खाली दोघांच्या सह्या, एक कॉपी त्यांना. सोडताना तीच वही उघडायची. तीन वर्षं राहिल्यावर रंग फिका पडणारच, ती वापरातली झीज, त्याचे पैसे मी कधी कापत नाही, पण दाराला भोक पाडलं किंवा बेसिन फोडलं तर ते नुकसान, ते मागते. एवढा फरक कळला की भांडण होत नाही.

तू पण शनिवारी तेच कर. आधी दारापासून सुरू करून सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढ, मग जवळून फोटो, कपाटाच्या आतले, गादी उलटी करून, सिंकच्या खालचे सुद्धा. नळ पाच मिनिटं सोडून मग खाली हात लावून बघ ओल आहे का. फोटो त्याच दिवशी मालकांना मेल कर म्हणजे तारीख राहते. यादीत नुसतं "गीझर 1" लिहू नको, कुठल्या कंपनीचा, चालू आहे का, पत्रा गंजलाय का तेही लिही.

ॲग्रीमेंट 11 महिन्यांचं आहे म्हणून नोटरीवर भागवू असं एजंट म्हणाला तर ऐकू नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55, करार लेखी आणि रजिस्टर केलेलाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. आता ते ऑनलाइन होतं, सामानाची यादी त्यातच घालून घे.

अजून एक. मालक मधेमधे घर बघायला येतील, येऊ दे, त्यांचा हक्क आहे, पण आदल्या दिवशी सांगून या असं करारात लिहून घे. मी एकदा वरच्या बाई ड्युटीवर असताना टाकीची गळती बघायला माझ्या चावीनं आत गेले होते, त्यांना फार वाईट वाटलं, आणि बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून विचारल्याशिवाय वर पाऊल टाकत नाही.

बाबा शनिवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघतायत. त्यांच्याकडं टेस्टर देते, प्रत्येक प्लग तपासायला, आणि शेंगाचटणी पण आहे. ते येईपर्यंत एकही बॉक्स उघडू नको.

तुझी आई