वडगावच्या शिवारातून मित्रास पत्र

वडगाव, बेळगाव
२६ मे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. ‘पुण्यात राहून तू नेमके काय उकरतोस?’ हा तुझा प्रश्न मी बाबांना वाचून दाखवला. तो त्यांना फार आवडला, कारण दर सुट्टीत तेही मला हेच विचारतात. त्यांना जे नीट सांगता आलेले नाही, ते तुला लिहून पाहतो.

पुरातत्त्व शिकायला गेलो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मोहेंजोदडोचे स्नानकुंड आणि इजिप्तचे पिरॅमिड होते. हडप्पा संस्कृतीतील दूरदूरच्या नगरांत विटांच्या जाडी, रुंदी आणि लांबीचे १:२:४ हेच प्रमाण आढळते, हे पहिल्या सत्रात कळले, तेव्हा मला आपल्या गल्लीतले दोन गवंडी आठवले, ज्यांचे एका भिंतीवरही कधी एकमत झाले नाही. मात्र वर्गाबाहेरचे आमचे बहुतेक शिक्षण खापरांचे असते. ती धुवायची, सावलीत वाळवायची, काठाचे आणि बुडाचे तुकडे वेगळे काढायचे आणि प्रत्येकावर खंदकाचा व थराचा क्रमांक शाईने घालायचा. एकदा दोन पिशव्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडून बदलल्या गेल्या, तेव्हा सरांनी रागावण्याऐवजी दोन्ही पिशव्या शांतपणे बाजूला ठेवायला सांगितल्या. थर चुकलेले खापर पुराव्यातून बाद होते, हे मला त्या दिवशी जेवढे समजले तेवढे कोणत्याही व्याख्यानात समजले नव्हते.

डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात केलेले उत्खनन आम्हांला बारकाईने शिकवतात. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकऱ्यांचे गाव. दगावलेल्या मुलांना दोन कुंभांत, त्यांची तोंडे एकमेकांना लावून, घरातल्या जमिनीखालीच पुरत असत, आणि प्रौढांना पुरताना त्यांची पावले तोडत असत. मृताने घर सोडून जाऊ नये म्हणून असे करत असावेत, असा एक तर्क आहे. सरांनी तो सांगितला आणि लगेच ‘तर्क’ या शब्दाखाली फळ्यावर दोन रेघा ओढल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे तुलाच लिहितो. घरी सांगितलेले नाही.

आता तुझ्या-माझ्या ओळखीची गोष्ट. मे महिन्यात आपल्या काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगांत माझा विळा गेला होता आणि तो काढताना तुझा हात कोपरापर्यंत सोलला होता, हे तू विसरला नसशील. सरावाच्या उत्खननात खूप खालच्या, जुन्या थरात काचेच्या बांगडीचा तुकडा मिळाला, तेव्हा माझे सोबती चक्रावले. मी मात्र खंदकाच्या उभ्या कापलेल्या भिंतीत आधी भेग शोधली, आणि ती सापडली. काळी माती उन्हाळ्यात फाटते, वरची वस्तू खाली घसरते आणि पावसात माती फुगून भेग मिटते. आपल्या शेतकरीपणाची तिथे झालेली ही पहिली कदर.

गंमत अशी की ज्याच्यासाठी मी पुण्याला गेलो, ते आपल्या पायाखालीच होते. यंत्रमागांच्या खडखडाटात आपण वाढलो त्या वडगाव-माधवपूर परिसरात सातवाहनकाळातील नगर होते. १९७०च्या दशकात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने तिथे उत्खनन केले, आणि वाजपेयासारखे वैदिक यज्ञ केलेल्या एका ब्राह्मणाचा उल्लेख असलेला ब्राह्मी लिपीतला लेखही याच परिसरात मिळाला. आपल्या शाळेने हे कधी सांगितले नाही, याचा मला अजून राग येतो. त्या लेखाची भाषा प्राकृत आहे. फलकावर कोणती भाषा असावी यावरून आपल्या चौकात किती वेळा आवाज चढले, हे आपण दोघांनी पाहिले आहे. तो दगड मात्र मराठीतही नाही आणि कन्नडमध्येही नाही. पुढे १२०४ मध्ये रट्टांच्या राजवटीत बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती हे जैन मंदिर उभे राहिले, तोवर या मातीवर कित्येक थर चढून गेले होते. ‘हे कोणाचे?’ असे कोणी विचारले की आता माझ्या तोंडून आधी ‘कोणत्या थरातले?’ असे निघते. बाबांना हे उत्तर पळवाटीचे वाटते, आणि कधी कधी मलाही.

नोकरीचे विचारलेस. जागा थोड्या आहेत आणि उमेदवार पुष्कळ, याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

एक काम मात्र कर. सातवीत असताना सापडलेले, नक्षीचे लालसर खापर तुझ्या पत्र्याच्या डब्यात अजून असेल, तर ते धुऊ नकोस. ते कोणाच्या बांधाजवळ मिळाले, विहिरीच्या अलीकडे की पलीकडे, आणि नांगरटीनंतर वर आले होते की खड्ड्यात होते, हे आठवेल तेवढे कागदावर लिहून त्याच डब्यात ठेव. गणपतीला येशील तेव्हा डबा घेऊन ये. आपण दोघे त्या बांधावर जाऊ.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
महादेव