जपानी चहाचा पेला आणि खानापूरचं कौल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जपानी चहा-समारंभावरचा लेख नातवाने वाचून दाखवला. (मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय.) आपलं ‘ध्यान’ चीनमध्ये ‘चान’ झालं आणि जपानात ‘झेन’, हे ऐकून बरं वाटलं. बसल्या जागी डुलकी लागू नये म्हणून झेन या बौद्ध पंथाचे भिक्षू चहा पीत, हेही पटलं. झोप येऊ नये म्हणून झेनचा आद्य गुरू बोधिधर्माने पापण्या कापून टाकल्या आणि तिथे चहाचं झाड उगवलं ही मात्र दंतकथा. ती इतिहास म्हणून छापलीत. असो. माझी तक्रार वेगळी आहे. अख्ख्या पानात पेल्यावर एक ओळ नाही.

मी खानापूरचा. आधी वडिलांच्या हाताखाली चाकावर नळीची कौलं ओढली, मग चौतीस वर्षं मंगळुरी कौलांच्या कारखान्यात गेली. तरुणपणी कुंभारकामाच्या एका शिबिरात सरांनी चोजिरो या जपानी कुंभाराची गोष्ट सांगितली होती, ती डोक्यातून गेली नाही. कारण हा चोजिरो मूळचा कौलवाला, असं जपानी लोक सांगतात. छपरावर बसवायचा त्याने घडवलेला मातीचा सिंह अजून आहे, त्यावर १५७४ साल कोरलंय.

त्याच्याकडून पेले करून घेतले चहा-समारंभाचा मोठा गुरू सेन नो रिक्यूने (१५२२–१५९१). रिक्यू साकाई गावचा, व्यापाऱ्याच्या घरातला, क्योटोच्या दाइतोकुजी या झेन मठात शिकलेला. बड्या लोकांना चिनी, गुळगुळीत झिलईची भांडी हवी असत. चोजिरोने चाकच बाजूला ठेवलं. नुसत्या हाताने माती उभी करायची आणि सुरीने तासायची. काळे पेले तर भट्टीतून लालभडक असतानाच चिमट्याने बाहेर! आमच्याकडे भट्टी पुरती निवल्याशिवाय दाराला हात लावत नसत. घाई केली की माल तडकला म्हणून समजा. चोजिरोची मातीच भरड. पेला जाड आणि सच्छिद्र, म्हणून आत कढत चहा असला तरी तळहाताला नुसती ऊब लागते.

लेखात ‘झेन तत्त्वज्ञान’ चार वेळा आलंय. मला ते त्या पेल्यात दिसतं, आणि यामाझाकी गावातल्या रिक्यूच्या चहाच्या खोलीत. दोन चटयांची जागा, म्हणजे साधारण सहा फूट बाय सहा फूट. दार जेमतेम अडीच फुटांचं. सामुराई असला तरी तलवार बाहेर ठेवून गुडघ्यांवर रांगत आत यायचं. रिक्यूचा धनी, तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी, सोन्याने मढवलेली चहाची खोली मिरवत होता, आणि हा कौलवाल्याच्या काळ्या पेल्यात चहा देत होता. शेवटी १५९१ साली त्याच हिदेयोशीच्या हुकुमावरून रिक्यूला पोट चिरून मरावं लागलं.

आता घरची गोष्ट. गेल्या वर्षी मी स्टँडजवळच्या एका चहावाल्याला चाळीस पेले करून दिले. तिसऱ्या दिवशी पोतं परत. म्हणाला, “मामा, एकात चहा जास्त बसतोय, एकात कमी. गिऱ्हाईक भांडतंय की!” त्याचंही खोटं नाही, त्याला धंदा करायचाय. आता तिथे कागदी कप आहेत. माझ्याकडे अडतीस पेले उरलेत, एकात आमची मंडळी मीठ ठेवते. चोजिरोच्या एका पेल्याचं नाव ‘ओगुरो’, मोठा काळा. ते ऐकून नातवाने आमच्यातल्या सगळ्यात बोजड पेल्याचं नाव ‘म्हस’ ठेवलंय.

चहा संपला की जपानी समारंभातला पाहुणा पेला पडू नये म्हणून कोपरं गुडघ्यांना टेकवतो, पेला दोन्ही हातांत घेऊन न्याहाळतो, पालथा करून बूडही बघतो. आम्हीही बाजारात भांडं असंच बघतो. वरून सगळं साजरं करता येतं. सुरी कुठे थांबली, बोट कुठे दाबलं, ते बुडाला कळतं. या विषयावर पुन्हा काही छापणार असाल तर पेल्याचा एक फोटो खालून काढलेला घ्या.

आपला,
एक निवृत्त कौल-कामगार, खानापूर
(नाव छापू नये)