स्टोअरची किल्ली कोणाच्या हाती देऊ, मंत्रिमहोदय?

प्रति,
मा. मंत्री, क्रीडा व युवक कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई 400032

विषय : 31 वर्षांच्या एन.सी.सी. सेवेनंतर निघालेली 11,340 रुपयांची वसुली

महोदय,

सविनय नमस्कार. दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका माध्यमिक शाळेत मी 1994 पासून मुलींच्या एन.सी.सी. ट्रूपची, म्हणजे शाळेतल्या तुकडीची, अधिकारी होते. 31 मे 2025 रोजी नियत वयोमानानुसार निवृत्त झाले. आपल्याला कामं खूप असतात हे जाणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, पण गेल्या मंगळवारी हाती पडलेल्या पत्रानंतर ते जमेलसं वाटत नाही.

पत्र वसुलीचं आहे. 14 बेरेट टोप्या, 9 पट्टे, 6 जोड बूट आणि 1 पाण्याची बाटली माझ्या ताब्यातून कमी भरली. 11,340 रुपये भरा, तोवर नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला, मिळणार नाही. नो ड्यूज नाही म्हणून पेन्शनची फाइल अडलेली.

या वस्तू कुठे गेल्या ते आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे धडकलं आणि दापोली-मंडणगडचा सगळा किनारा झोडपून काढून गेलं. आमच्या स्टोअरचे, म्हणजे एन.सी.सी.च्या सामानाच्या खोलीचे, पत्रे तिसऱ्या दिवशी पलीकडच्या वाडीत फणसावर अडकलेले सापडले. पेटीतले बूट चिखलाने भरले होते, पट्ट्यांना हिरवी बुरशी चढली होती. तलाठ्यांनी पंचनामा केला. त्याची प्रत मी तीनदा पाठवली, तिन्ही पोचपावत्या माझ्याकडे आहेत. पाच वर्षांत त्यावर एका ओळीचं उत्तर आलं नाही. मी निवृत्त झाले आणि वसुली काढणाऱ्यांना बाटली आठवली!

त्या वादळानंतर माझ्या मुली काय करत होत्या, ते कोणत्या रजिस्टरात नोंदलंय? वीज नाही, फोन नाही, वर कोरोना. सुपारीच्या बागा आडव्या झालेल्या. पंचनाम्याला बाहेरून आलेल्या माणसांना वाड्यांची नावंसुद्धा माहीत नव्हती. आठवी-नववीच्या मुली तोंडाला रुमाल बांधून घरोघर फिरल्या. कोणाचं छप्पर गेलं, कोणाच्या औषधाच्या गोळ्या संपल्या, कोणाच्या विहिरीत झाड पडलं, सगळं वहीत लिहून आणलं. एक मुलगी गणवेशाच्या शर्टात आली होती, कारण घरातले बाकीचे कपडे भिजून गेले होते. तिचंच छप्पर गेलं होतं आणि तिच्या यादीत तिचं घर सगळ्यात शेवटी होतं. वर्ष संपल्यावर तो शर्ट तिने धुऊन, घडी घालून परत केला. तो हिशोबात बरोबर भरलाय, साहेब.

एन.सी.सी.चं हे काम कोणी माझ्या गळ्यात मारलं नव्हतं, मी होऊन घेतलं. ग्वाल्हेरला प्रशिक्षणाला गेले तेव्हा माझी मुलगी दीड वर्षाची होती. परत आले तर ती सासूबाईंच्या पदराआड लपली आणि मला "बाई" म्हणाली, शाळेतली पोरं म्हणतात तसं. वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शिबिरात होते. माझ्या ताब्यात 40 मुली होत्या. दुसऱ्या बाई रात्री उशिरा पोचल्या, त्यांच्या हाती मुली सोपवून मी निघाले. घरी पोचले तेव्हा अग्नी देऊन झाला होता. त्या शिबिराचा भत्ता निदान मिळाला. 2022 आणि 2023 च्या शिबिरांचा अजून मिळालेला नाही. विचारलं की हे राज्याकडे, ते केंद्राकडे, एवढंच ऐकायला मिळतं.

वर्षाला 40 परेड धरल्या तरी 31 वर्षांत 1,200 च्या वर होतात. सगळ्या सुट्टीच्या दिवशी किंवा शाळा भरण्याआधी. परेडनंतरच्या नाश्त्याचे पैसे कधी सहा महिन्यांनी, कधी वर्षाने. तोवर वडापाव माझ्या पगारातून. हजेरीपट चाळून मोजलं तर साधारण 800 मुली माझ्या हाताखालून गेल्या. मला ठाऊक असलेल्या 19 पोलिसात आहेत, तिसेक नर्स झाल्या, एक सीमा सुरक्षा दलात आहे.

यातल्या बऱ्याच कोळी-खारव्यांच्या घरच्या. आई हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावात बसते, मुलगी टोपल्या उचलते आणि सकाळी साडेसहाला मैदानावर हजर. एकदा गणवेश तपासताना एकीच्या बाहीवर खवलं चिकटलेलं दिसलं. मी काही बोलायच्या आत ती रडायला लागली. तिच्या पट्ट्याचं बक्कल मात्र आरशासारखं चमकत होतं. ब्रासो परवडत नाही म्हणून ती चिंचेच्या कोळाने घासायची. पुढे सगळा ट्रूपच चिंच वापरायला लागला. पहिल्या वर्षी याच बायका मला विचारायच्या, "पोरीच्या जातीला ह्ये कवायत कशाला ओ बाई?" आता त्यांच्या नातींना घेऊन येतात.

आणि या मुलींना आम्ही काय शिकवलं? लाल मातीत तेज चल. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग किल्ला, मुली माशासारख्या पोहणाऱ्या, पण 31 वर्षांत यांच्या वाट्याला एक होडी आली नाही. मुंबई हल्ल्यानंतरच्या दुसऱ्या 26 जानेवारीला आपल्या आधीच्या एका मंत्र्यांनी तालुक्याच्या मैदानावर आमच्या मुलींची मानवंदना घेतली आणि माइकवरून सांगितलं, या किनाऱ्याला नौदल विभागाचा ट्रूप देऊ, वल्ह्यांची होडी देऊ. मुलींनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्या प्रस्तावासाठी रात्रीच्या एसटीने दोनदा मंत्रालयात आले. आवक क्रमांक मिळाला. होडी नाही मिळाली.

1993 साली श्रीवर्धनजवळ शेखाडीला आरडीएक्स उतरलं, 2008 साली कसाब आणि त्याचे साथीदार समुद्रातूनच आले. दर वेळी सागरी सुरक्षेच्या बैठका होतात, किनाऱ्यावर फलक लागतात. 15 ऑगस्ट 2020 ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून सांगितलं की सीमेवरच्या आणि किनाऱ्यावरच्या 173 जिल्ह्यांत एन.सी.सी. वाढवणार, एक लाख नवे कॅडेट, त्यात एक तृतीयांश मुली. वादळाला तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. मी ते रेडिओवर ऐकलं आणि डोळ्यांत पाणी आलं. 4 डिसेंबर 2023 ला मालवणात नौदल दिन झाला, तोही मुलींना मोबाइलवर दाखवला. राज्याला 720 किलोमीटरचा किनारा म्हणून मी भूगोलात शिकवत आले. त्यातल्या माझ्या दोन किलोमीटरवर असलेला ट्रूप आता बंद पडतोय, ते बंद पडणं कोणी थांबवायचं?

कारण माझ्या जागी कोणी नाही. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचे, निकष बदलले. आमचा पट कमी, तेव्हा माझं पद भरलं जाणार नाही असं संस्थेने सांगितलंय. उरलेल्या शिक्षकांवर दोन-दोन विषय, त्यात निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं. कोणत्या तरुण बाईंना मी सांगू की तू पुढे हो, रविवार दे, मूल घरी ठेवून प्रशिक्षणाला जा, आणि शेवटी बाटलीचे पैसे भर? पट कमी का झाला तेही एकदा येऊन बघा. गावात काम नाही म्हणून माणसं मुंबईला जातात आणि ज्या रस्त्याने जातात तो मुंबई-गोवा महामार्ग 2011 पासून बांधताच आहात. आधी माणसं घालवायची आणि मग पट नाही म्हणून शाळेतलं पद काढायचं, हा कुठला न्याय?

31 मे ला शाळेला सुट्टी होती. निरोप समारंभ नाही, त्याचं मला दुःख नाही. पाऊस त्या वर्षी मे महिन्यातच उतरला होता, स्टोअरला ओल आली होती. मी एकटी बसून उरलेल्या बेरेट मोजल्या, लाल तुरे कागदात गुंडाळले आणि कुलूप लावलं.

माझं मागणं एवढंच. वसुली रद्द करा, कारण ती खोटी आहे. दोन शिबिरांचा भत्ता द्या, तो माझ्या घामाचा आहे. आणि या दोन्ही गोष्टी नाही जमल्या तरी जूनमध्ये आठवीत आलेल्या 23 मुलींनी नावं दिली आहेत, त्यांच्यासाठी एक शिक्षिका द्या. त्या रोज रस्त्यात विचारतात, "बाई, परेड कधी सुरू?"

स्टोअरची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. ती कोणाच्या हाती द्यायची, ते कळवावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका व एन.सी.सी. अधिकारी
ता. दापोली, जि. रत्नागिरी